सुलटी फेरी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. वरत बोंडाचा फोटो, आत पानापानावर एकेका किडीची माहिती. आजच्या पानावर गुलाबी बोंडअळी आहे. या घरात माह्यं ऐकणारं कोणी नाही, तवा तिलेच सांगते.

सकाळी यायले, म्हणजे माह्या नवऱ्याले, कोथिंबीर आणायले पाठवलं. आले ते शिट्टीची दोरी घेऊन. म्हटलं, "अजी, कोथिंबीर?" तर म्हणे, "दोरी जुनी झाली होती." पुन्हा पाठवलं. पुन्हा दोरी! त्याच दुकानातली, त्याच रंगाची. दुकानदारही बयताडच, एका माणसाले एका तासात दोनदा दोरी विकते अन् तोंडातून शब्द काढत नाही. मी दोन्ही दोऱ्या खुंटीले टांगल्या अन् बिनकोथिंबिरीचं वरण यायच्या पुढे आपटलं. मुद्दाम करतात. मले छळायची एक तऱ्हा जुनी झाली की नवी काढतात.

संध्याकाळी नेहमीसारखे फरशीवर गेले. फरशी म्हणजे आमची स्केटिंगची रिंक. पाटीवर रिंक लिहिलं आहे, पण धामणगावात तिले कोणी रिंक म्हणत नाही, यायच्या नावानं खुशालरावची फरशी म्हणतात. माह्या सासऱ्याची कापसाची जिनिंग बसली, मशिनी भंगारात गेल्या, राहिलं ते गठाणी ठेवायचं गोदाम. दुसरा कोणी असता तर त्यानं त्यात तूर भरली असती. आमचे महाराज अकोल्याच्या मीनाबाजारात चाकाच्या बुटावर नाचणाऱ्या बाया पाहून आले, अन् पोतंभर चाकं घेऊनच घरी आले. मी तवा नवी नवरी. मले वाटलं पोत्यात भांडी असतील. सत्त्याऐंशीच्या दसऱ्याले नारळ फोडला. आधी गठाणी सरकवून सरकवून घासलेली ती फरशी, वरून यायनं महिनाभर दगडानं घोटली. माह्या हातची भाकर तिथंच मागवून खाल्ली.

एक काळ होता, बाहेर रांग लागे. शेतकऱ्याचे, रेल्वेवाल्याचे, भीमनगरातले, मारवाडी गल्लीतले, सारे पोट्टे एकमेकाच्या कमरेले धरून गोल फिरत. आता जेमतेम दहा-बारा येतात. बाकीचे ट्यूशनले. अन् जे येतात त्यायच्या मायबापायले खेळ नको, प्रमाणपत्र पायजे. परवा एका बाईनं मले विचारलं, "काकू, यानं दहावीले मार्क वाढते का?" म्हटलं, हाडं वाढते, एकाचे दोन होते.

मी आजवर त्या चाकावर पाय ठेवला नाही. ठेवणारही नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नितेश आला होता. नितेश म्हणजे माह्या दिराचा पोरगा. हातात दोन मोबाईल, गळ्यात साखळी, अन् बोलणं असं की जसं जिल्ह्याचं कामकाज यालेच पाहा लागते. त्याले फरशीच्या जागी अभ्यासिका काढायची आहे. काचेचे खण, खणात खुर्ची, खुर्चीत पोट्टं, पोट्ट्याच्या डोक्यात सरकारी नोकरी. "काकू, सध्या याचीच चलती आहे. एसी टाकू. गोदाम तुमचंच राहील, मी भाड्यानं घेतो."

नोकऱ्या किती अन् खुर्च्या किती, हे मी नाही विचारलं. त्याच्यासारख्याले विचारून तरी काय उपयोग. पण मनातून मले बरं वाटलं. ते गोदाम एकदाचं सुटलं तर आमाले अमरावतीले जाता येईल. राजापेठेत सीमाच्या घराच्या वरत दोन खोल्या मोकळ्या आहेत. पोरगी कवापासून म्हणून राहिली, माय, ये. अख्खी जिनगी मी या माणसाच्या चाकामागं धामणगावात काढली. आता तरी चार पायऱ्या उतरून भाजी घेता यावी, एवढंच माह्यं म्हणणं.

यायनं सारं ऐकून घेतलं. मंग स्पष्ट सांगितलं, "फरशी देणार नाही. पोट्टे कुठं जातील?"

नितेश गेला. मी कपबश्या विसळून आली तर मले म्हणतात, "कोण होतं ते?"

म्हटलं, "तुमचा पुतण्या होता, दुसरं कोण?"

"कोणता?"

पाहा नाटकं! सोयऱ्याले ओळख न दाखवणं, हे तर माह्या सासऱ्याचंही हत्यार होतं. बापाचं सारं बुडालं, तेवढं एक पोराकडे आलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज तान्हा पोळा. गल्लीत लेकरं लाकडाचे बैल घेऊन फिरून राहिले अन् आमच्या इथं वेगळाच तमाशा.

त्याच्यासाठी आधी सुलटीचं सांगा लागते. चाकावरचे पोट्टे डाव्या हाताकडे वळत गोल फिरतात, तसंच सोपं जाते म्हणे. सुरवातीच्याच वर्षी देवळाचे ट्रस्टी महादेवराव चार म्हातारे घेऊन भांडायले आले. "उलट्या फेऱ्या चितेभोवती घालतात, खुशाल. जिवंत लेकरं उलटे काहून फिरवतं?" गावात बोंबाबोंब झाली. लोकायनं पोट्टे पाठवणं बंद केलं. शेवटी यायनं तोड काढली. रोज खेळ संपताना एक लांब शिट्टी. शिट्टी वाजली की साऱ्यायनं थांबायचं, वळायचं, अन् देवाले घालतो तशी एक फेरी उजवीकडून घालायची. ती सुलटी फेरी. ती घातली की बूट काढायचे अन् घरी जायचं. एक फेरी सुलटी घातली की आधीच्या साऱ्या उलट्या माफ! असा हिशोब देवालेही कसा पटला, देवालेच ठाऊक. महादेवराव मात्र खूश झाले अन् स्वतःच्या नातवाले घेऊन आले.

तर आज यायनं खेळ सुरू होऊन जरासा वेळ झाला की सुलटीची शिट्टी दिली. पोट्टे वळले, फेरी घातली, बूट काढायले बसले. त्यायले म्हणतात, "बसले काहून? चला, सुरू करा." पुन्हा सुरू. पुन्हा शिट्टी. एक मुलगी रडायलेच लागली, तिले वाटलं आपलं चुकलं.

मी फरशीसमोरच्या आमच्या खिडकीतून ओरडली, "अजी, चढली का तुमाले?" तर माह्याकडं पाहून हसले. सणासुदीचं चार लोकायत माह्यं हसं करायचं, हा यायचा जुना शौक.

३१ ऑगस्ट, रविवार

व्हायचं तेच झालं.

सारे जोरात फिरून राहिले होते अन् यायनं मधातच लांब शिट्टी मारली. जुने होते ते वळले. नवे होते ते वळले नाहीत. समोरासमोर आदळले. मेडिकलवाल्याच्या पोरीचा हात मोडला. एकाचे दात ओठात घुसले. फरशीवर रक्त, अन् हे मधात उभे, तोंडात शिट्टी तशीच.

मेडिकलवाल्याची बायको आली. काय तिचं बोलणं! "म्हातारा येडा झाला आहे, त्याले बांधून ठेवा." मीही सोडलं नाही. म्हटलं, "बाई, दिवसभर पुड्यातलं कुरकुरीत खाऊ घालता, तवा हाड पापडावानी मोडते. दुसऱ्याच्या नवऱ्याले येडं म्हणायच्या आधी आपल्या घरात पाहा." ती गेली. मले समाधान वाटलं. यायले नावं ठेवायचा हक्क माह्या एकटीचा आहे, तो मी गल्लीत वाटला नाही.

लोकं गेल्यावर मी यायच्या गळ्यातली शिट्टी ओढून काढली अन् पर्समध्ये टाकली. रात्री जेवताना म्हणे, "ती पोरगी पडली कशी?"

३ सप्टेंबर, बुधवार

संघपाल आला होता. लहानपणी फरशीवरच पडलेला असे. जिनिंग चालू होती तवा त्याची माय सुंदराबाई तिथं सरकी वेचायले होती. आता तो सरकारी दवाखान्यात ढोराचा डॉक्टर आहे अन् त्याची पोरगी प्रियदर्शनी इथं येते. येत होती. आता कोणीच येत नाही.

चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मंग हळूच म्हणे, "काकू, काका महिनाभरापासून प्रियदर्शनीले 'ए संघपाल' म्हणून हाक मारून राहिले. आधी मले गंमत वाटली. पण परवा तिले म्हणे, तुह्या मायले सांग, आज सरकी लवकर संपव. माय माही जाऊन सात वर्षं झाली, काकू. काकानंच खांदा दिला होता."

म्हटलं, "तुह्यी पोरगी तुह्यावानी दिसते, चुकून येते तोंडात नाव."

"एकदा अमरावतीले डोक्याच्या डॉक्टरले दाखवू. मी येतो संग."

मले रागच आला. "तू ढोरं तपास, बाबू. माणसाचं माणसं पाहतील. यायले काहीच झालं नाही. पक्के आहेत."

तो उठला. जाताना यायच्या पाया पडला. हे म्हणे, "बूट ओले नको ठेवू, चाकं गंजतात."

आता सांगा, चाकाचं सारं ध्यानात आहे! ज्याले चाकाचं ध्यानात आहे तो बायकोचं कोथिंबिरीचं कसं विसरते? म्हणून म्हणते, मुद्दाम.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मी नितेशले हो म्हणून टाकलं. सीमाले विचारलं, ती हो म्हणाली. यायले विचारलं नाही. विचारून तेच होणार, "पोट्टे कुठं जातील?" पोट्टे तर केव्हाच गेले.

अन् इथं रोजची मस्ती वेगळीच. संध्याकाळ झाली की बूट बांधून रिकाम्या फरशीवर निघतात. एकटेच. गोल गोल, गोल गोल. चालताना उंबरठ्याले अडखळणारा माणूस, पण चाकावर चढला की पोरगा होते. पाठ सरळ, हात मागं. थांबायचं नाव नाही. जेवायले हाक मारली, नाही. वाढून ठेवलं, थंड झालं, नाही. शेवटी मी मधात जाऊन हात धरून ओढलं. घामानं निथळत होते, पाय थरथरत होते. म्हणे, "अजून शिट्टी कुठं झाली?"

शिट्टी काढून घेतली म्हणून माह्यावर सूड उगवून राहिले. म्हटलं उगवा. शिट्टी मी देत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज शेवटचा खेळ. संघपालनं मोबाईलवर कळवलं असेल, कुठून कुठून लोकं आले. नागपूर, पुणे, एक तर थेट बार्शीटाकळीहून मोटरसायकलवर. सारे एकेकाळचे पोट्टे. आता एकेकाचं पोट असं की बूट बांधायले वाकता येत नाही, बायकोनं बांधून दिले. फोटो काढून राहिले. "बचपन आठवलं, काकू!" मेल्यायनो, फरशी चालू होती तवा कोणाले बचपन आठवलं? तवा तुमचे लेकरं ट्यूशनले. आता बंद होऊन राहिली तर डोळे पुसायले आले. मयताले गर्दी करायची सवय आहे आपल्या लोकायले.

मेडिकलवाल्याची बायकोही आली, प्लास्टरवाल्या पोरीले घेऊन. पोरीनं हट्ट केला म्हणे. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पोरीले मात्र खुर्ची दिली.

यायले शिट्टी परत दिली. एका दिवसापुरती. गळ्यात घातली तसा चेहरा उजळला. साऱ्यायले नावानं हाका मारल्या, एक नाव चुकलं नाही. "श्याम, गुडघे वाकव. संघपाल, मागं पाहू नको." ते जाडे जाडे बाप्ये यायचं ऐकून गुडघे वाकवून राहिले होते. मी संघपालकडं पाहिलं, म्हटलं दिसते ना तुह्या डोळ्यानं, काय झालं आहे यायले?

बरोब्बर वेळेले लांब शिट्टी दिली. सारे थांबले, वळले. सुलटी फेरी झाली. बूट काढून ओळीनं लावले. हे म्हणे, "झालं. चला पोट्टेहो, घरी. उद्या येजा."

शिट्टी मी परत पर्समध्ये टाकली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

नितेशनं मुहूर्त केला. आमच्या घोटलेल्या फरशीवर डिंक ओतून हिरवा गालिचा चिकटवला. म्हणे पायाचा आवाज होत नाही. पूजेले बसला तवा एका मोबाईलवर बोलून राहिला अन् दुसऱ्यावर फोटो काढून राहिला, गुरुजी मंत्र कोणाले सांगत होते कोण जाणे. स्वतः बारावी तीन वर्षांत झाला अन् आता साऱ्या तालुक्याले कलेक्टर करणार.

हे दारात उभे राहिले. गालिच्यावर एक पाय ठेवला, काढून घेतला. पुन्हा ठेवला. मले विचारलं, "सीमाची माय, आपण कोणाच्या घरी आलो?"

मी म्हटलं, "पुतण्याच्या." दुसरं काही सुचलं नाही. घरी येऊन सोनं वाटायचं होतं, ते राहून गेलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

राजापेठेत येऊन पंधरवडा झाला. चार पायऱ्या उतरली की भाजी, हे खरं. पण काय तो गलबला! सकाळपासून ट्यूशनचे पोट्टे गाड्यावर, एकेका गाडीवर तिघं. हॉर्न असे वाजवतात की जसा त्या पोट्ट्यायच्या बापानं रस्ता आंदण दिला आहे. सीमाचा नवरा देवमाणूस आहे, म्हणजे बोलत नाही अन् कामही करत नाही.

यायनं इथं नवीन खूळ काढलं. जेवणाच्या टेबलाभोवती फिरतात. डाव्या हातानं, गोल गोल. मी म्हटलं पाय मोकळे करत असतील. पण जेवायले बसवलं तरी उठतात अन् पुन्हा सुरू. काल सीमानं हात धरला तर तिले झटकून दिलं. पोरीले! ज्या पोरीले कधी रागानं बोट लावलं नाही तिले. सीमा रडली. मी यायले वाट्टेल तसं बोलली. यायनं ऐकलंही नाही, फिरतच राहिले.

यायले काही झालं, असं मी अजूनही म्हणत नाही. पण आज 'मुद्दाम करतात' असं लिहायले हात गेला अन् मी लिहिलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी मी मेथी निवडून राहिली होती. दार उघडं. हे नाहीत. खाली पाहिलं, नाहीत. भाजीवाली म्हणे, "बाबा चौकात गेले." कॉलनीच्या पुढच्या चौकात मधात बगिच्याचा गोल आहे, त्याच्याभोवती गाड्या फिरतात. त्या गोलाभोवती हे चालून राहिले होते. उलटे. साऱ्या गाड्या उजवीकडं, अन् हे समोरून, पाठ सरळ, हात मागं. ट्यूशन सुटायची वेळ. गाड्या अंगाले घासून जात होत्या. एक पोट्टं ब्रेक मारून आडवं झालं. लोकं शिव्या देऊन राहिले, "ओ बाबा, मरायचं आहे का?" कोणी उतरून हात धरला नाही. मोबाईल मात्र चौघायनं वर केले. मुर्दाड कुठचे!

मले भेव वाटलं. आयुष्यात एवढं भेव मले कधी वाटलं नाही. मी ओरडली, "अजी! अजी, थांबा!" ऐकू गेलं नाही. एक ट्रक येऊन राहिला होता. मधात जायले गाड्यायनं वाट दिली नाही.

घरून निघताना सवयीनं पर्स खांद्याले अडकवली होती. हात आपोआप आत गेला. मी कधी शिट्टी वाजवली नव्हती, पहिल्या फुंकीले नुसती हवा निघाली. दुसऱ्याले वाजली. लांब.

हे थांबले. जागीच वळले. अन् गाड्यायच्या संगसंग, सुलटे चालायले लागले. ट्रक बाजूनं निघून गेला. अख्खी फेरी घातली, न घाबरता, मंग सरळ माह्यापाशी आले, फुटपाथवर बसले अन् चपलेचे नसलेले बंद सोडायले लागले. म्हणे, "झालं. चला पोट्टेहो, घरी."

मी तिथंच बसली अन् रडली. चौकात. लोकं पाहून राहिले होते, पाहू दे म्हटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डोक्याच्या डॉक्टरले दाखवलं. संघपाल धामणगावाहून आला होता संग, रजा टाकून. डॉक्टर तिशीतला, घड्याळ मोठं, अक्कल बेताची. मेंदूचा फोटो दाखवून म्हणे, विसरायचा आजार आहे, दोनेक वर्षांपासून असावा, घरच्यायच्या लक्षात आलं नाही का? मले म्हणते! म्हटलं, "लक्षात ठेवायचं काम आमच्या घरी यायच्याकडे होतं." गोळ्या दिल्या. म्हणे बरं होत नाही, धीमं होते. बरं होत नाही हे सांगायले एवढी मोठी पाटी लावून बसला.

बाहेर आल्यावर संघपालले म्हटलं, "ढोराचा डॉक्टर बरा होता." त्यानं यायचा हात धरला अन् रिक्षा थांबवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आता आमचा नेम बसला आहे. दिवे लागायच्या वेळेले टेबल भिंतीकडे सरकवते. हे फिरतात. मी खुर्चीवर बसून भाजी निवडते. घाम आला की शिट्टी देते. वळतात, एक सुलटी घालतात, नसलेले बूट काढतात, जेवतात. पोटभर जेवतात.

बाजूच्या घरातली बाई तक्रार घेऊन आली, शिट्टीनं तिच्या पोराचा अभ्यास बिघडते म्हणे. म्हटलं, "बाई, तुमच्या पोराचा अभ्यास शिट्टीच्या आधीच बिघडलेला आहे. आवाज इथपर्यंत येते मले." ती तणतणत गेली. शिट्टी मी वाजवणारच.

आज यायनं एक फेरी मधातच हळू केली. माह्या खुर्चीपाशी थांबले. मले नीट पाहिलं, चांगल्या घरच्या बाईले पाहतात तसं, अदबीनं. म्हणे, "बाई, तुमी रोज येऊन बसता. पोट्टं कोणतं तुमचं?"

मी म्हटलं, "तो पांढऱ्या केसाचा. एकटाच फिरते तो."

यायनं मागं वळून रिकाम्या खोलीकडं पाहिलं. मंग म्हणे, "चांगलं शिकून राहिलं. पडत नाही. उद्याही पाठवजा."

मी म्हटलं, "पाठवते."

अन् शिट्टी दिली.